पाठमोरा

ड्वेन ट्रस्कॉट रडला होता, ही गोष्ट खरी आहे. उगाच नाकारण्यात अर्थ नाही. नऊ वर्षांपूर्वी, याच लास वेगासमध्ये, असल्याच एका हॉलमध्ये, असल्याच एका हिरव्या टेबलाशी तो पोकरचा मोठा डाव हरला आणि कॅमेऱ्यासमोर लहान पोरासारखा रडला. तोंड उघडं, नाक वाहतंय, आणि पुसायला काही नाही म्हणून डोक्यावरची टोपी काढून तिनेच पुसतोय.

जेमतेम दहा-बारा सेकंदांचं चित्र. पण तेवढ्यावर जगाने नऊ वर्षं काढली. कुणाचा संघ हरला की लोकांच्या फोनवर ड्वेन रडायचा. कुणाला सुट्टी नाकारली की ड्वेन रडायचा. निवडणूक झाली की हरलेल्या बाजूच्या नावाने ड्वेन रडायचा. जपानमध्ये म्हणे त्याचा छापील टी-शर्ट मिळायचा. ज्यांना आयुष्यात पत्त्याचं पान कसं धरतात हे माहीत नाही, त्यांना ड्वेनच्या नाकातलं पाणी पाठ होतं.

त्यात सगळ्यात वात आणणारी होती ती कनवाळू माणसं. हसणारे परवडले. हसून निघून तरी जातात. कनवाळूंना कारण हवं असायचं. 'तेव्हा घरी काही झालं होतं का?' 'वडील आजारी होते का?' 'बायको सोडून गेली होती का?' ड्वेन सगळ्यांना एकच सांगायचा, की हरलो म्हणून रडलो. त्यावर ते मान अशी हलवायचे जणू हा काहीतरी मोठं दुःख गिळतोय. अरे, नाही गिळत! माणूस कित्येक दिवस धड न झोपता एका गोष्टीमागे लागतो, ती हातात येते आणि शेवटच्या पानावर निसटते, तेव्हा रडतो. यात न समजण्यासारखं काय आहे?

आज तो पुन्हा शेवटच्या टेबलावर होता. नऊजण बसले होते, आता चारच उरले होते. ड्वेन, इंग्रिड सोल्बर्ग नावाची नॉर्वेची एक शांत बाई, कॅनडाचा लुसियाँ, जो सकाळपासून अवघी दोन वाक्यं बोलला होता, आणि टेट हॉलोवेल.

कठड्यापलीकडे पहिल्याच रांगेत ड्वेनची मुलगी ब्रिन बसली होती. तो टोपीचा प्रसंग घडला तेव्हा ती आठवीत होती. दुसऱ्या दिवशी शाळेत तिच्या कपाटाच्या दारावर पोरांनी टिश्यू पेपर चिकटवले होते. आता ती दात साफ करायच्या दवाखान्यात नोकरीला लागली होती. आज सकाळी अंडी आणि बटाट्याचा कीस खाताना तिने त्याला सांगितलं होतं,

"गेल्या आठवड्यात एक बाई खुर्चीत आली. तोंडात माझी अर्धी हत्यारं, लाळ गळतेय, आणि त्याही अवस्थेत माझ्या छातीवरची पट्टी वाचून विचारते, ट्रस्कॉट? त्या रडक्याची कोण तू?"

"मग काय म्हणालीस?"

"म्हटलं, तोंड मोठं उघडा." ब्रिनने काटा खाली ठेवला होता. "डॅड, तू एकदा जिंक. पैशाचं मरू दे. इंटरनेटवर आपलं नाव टाकलं की पहिल्यांदा दुसरं काहीतरी दिसू दे. तू करंडक उचलताना, हसताना, कसाही. ते जुनं खाली जाऊ दे. बस, एवढंच."

एवढंच. ड्वेनने होय म्हटलं होतं. गेली नऊ वर्षं त्यालाही दुसरं काही नको होतं.

पोकरवाले पत्ते हातात घेऊन बसत नाहीत. पानं टेबलावर पालथी ठेवायची आणि वाटणाऱ्याने चुकून ओढून नेऊ नयेत म्हणून त्यांवर काहीतरी वजन ठेवायचं, अशी रीत. कुणी नाणं ठेवतं, कुणी बायकोने दिलेलं खेळणं. ड्वेन बेकर्सफील्डच्या तेलविहिरींवर पाइप जोडायचं काम करायचा, तेव्हाचं एक पितळी नट तो ठेवायचा. आणि टेट हॉलोवेल? टेटने आज टिश्यूचं पाकीट ठेवलं होतं.

टेट तिशीतला. काळा चष्मा, पांढरे दात, आणि स्वतःच्या खेळाचं स्वतःच प्रक्षेपण करायचा धंदा. त्याच्या मागे पोरांची ही झुंड. ती सगळी कठड्याला टेकून उभी होती आणि प्रत्येकाच्या हातात टिश्यूचं पाकीट होतं. टेट एखादा डाव जिंकला की पाकिटातून एक कागद सुळकन ओढायचा आणि टेबलावरून ड्वेनच्या दिशेने तरंगत सोडायचा. "असू दे जवळ, आजोबा. लागेल." मग मागची झुंड कागद हवेत हलवायची आणि ओरडायची, "रड! रड! रड!"

ड्वेनने दुपारीच गस पेलेग्रिनोकडे तक्रार केली होती. गस म्हणजे स्पर्धेचा मुख्य पंच, टेबलावर त्याचा शब्द शेवटचा.

"गस, हा कचरा उचलायला सांग."

गसने कान खाजवला. "ड्वेन, मी तुला बावीस वर्षं ओळखतो. माझ्या हातात असतं तर तो कागद मी त्याला खायला लावला असता. पण टीव्हीवाल्यांना आवडतंय रे. लोक बघताहेत."

"आणि मला नाही आवडत ते?"

"तू खेळ ना. तुझं काम खेळणं."

तर ड्वेन खेळत होता. आतून पेटला होता, पण नट अंगठ्याखाली फिरवत होता आणि खेळत होता. या धंद्यात राग ही सगळ्यात महागडी चैन. एकदा डोकं फिरलं की माणूस चांगली पानं फेकतो आणि भिकार पानांवर घर लावतो. ड्वेनने अशी कितीतरी माणसं बघितली होती, भली माणसं, जी एका चिडक्या तासात वर्षभराची कमाई ओतून मोकळी झाली. म्हणून तो राग दाबायचा. सकाळपासून त्याने एवढा दाबला होता की जबडा ठणकत होता.

मधल्या सुट्टीत जिलियन क्रॉस माइक घेऊन आली. तिच्यामागे कॅमेरा खांद्यावर घेतलेला ओटो. जिलियनचा आवाज साखरेत घोळवलेला, आणि बोलताना हात नेहमी समोरच्याच्या दंडावर.

"ड्वेन, एक मिनिट. तुम्हाला काहीतरी दाखवायचंय." आणि तिने हातातला टॅब्लेट त्याच्यासमोर धरला. त्यावर तेच. टोपी, नाक, सगळं. ओटोचा कॅमेरा टॅब्लेटवर नव्हताच. तो ड्वेनच्या तोंडावर होता. "आज हे पुन्हा बघताना मनात काय येतं?"

"शर्ट बरा होता, असं येतं."

ती गोड हसली. "खरं सांगा ना. त्या वेळी तुमचे वडील..."

"माझा बाप ठणठणीत होता, बाई. आजही आहे. दर रविवारी मासे पकडायला जातो आणि एकही पकडत नाही. मी हरलो होतो."

"फक्त हरलात म्हणून?"

"फक्त?" ड्वेन म्हणाला. त्याच्या मानेवरची शीर उडायला लागली. "तू कधी हरली आहेस का, जिलियन? काहीही?"

तिने ओटोकडे वळून मान हलवली. म्हणजे हे कापून टाक.

सुट्टीनंतर तासाभरात तो डाव आला. टेटने मोठी बोली लावली. ड्वेनकडे एक्का आणि राणी होती. त्याने नट उचललं, आपल्या सगळ्या चिप्स दोन्ही हातांनी मध्ये ढकलल्या. टेटने क्षणाचाही विचार केला नाही, "आलो!" म्हणाला आणि पानं उलटी केली. राजांची जोडी.

झुंड किंचाळली. हिशोब सरळ होता, टेट पुढे होता आणि बराच पुढे होता. दोघांच्या चिप्स जवळपास सारख्या, ड्वेनच्या जराशा जास्त. जो हरेल तो उठेल, किंवा उठल्यातच जमा. दोघांच्याही हिशोबात धरायची मधली पाच पानं एकेक करून उघडायला लागली. अठ्ठी, तिर्री, किलवरचा गुलाम. मग पुन्हा तिर्री. टेट उभा राहिला, त्याने पाकिटातून मूठभर कागद ओढले आणि हवेत उडवले. शेवटचं पान उघडायचं बाकी होतं.

शेवटचं पान बदामचा एक्का होता. ड्वेनची एक्क्यांची जोडी झाली आणि राजांची जोडी खाली गेली.

हे ड्वेनचं कौशल्य नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. टेटने डाव नेमका खेळायचा तसा खेळला होता, कुठे तसूभर चुकला नव्हता. नशिबाने त्याच्या थोबाडीत मारली, बाकी काही नाही. नऊ वर्षांपूर्वी ड्वेनच्या मारली होती तशीच.

टेट काही वेळ त्या एक्क्याकडे बघत राहिला. मग त्याने चष्मा काढला. झुंडीकडे वळून हात वर केले, काहीतरी विनोद करायला तोंड उघडलं, आणि त्या उघड्या तोंडातून भलताच आवाज आला. दोन पावलं चालून तो कठड्यापाशी गेला, कठड्याची सळई धरली, आणि तिथेच उकिडवा बसला. खांदे गदगदायला लागले.

 मग मागून कुणीतरी खुदकन हसलं, आणि एकेक करून हातातले फोन वर यायला लागले. ती त्याचीच पोरं होती, बरं का. त्याच्या नावाचे शर्ट घातलेली. सकाळपासून टेटसाठी घसा फोडणारी. फोन सगळ्यात आधी त्यांचेच वर आले.

ओटो कॅमेरा घेऊन धावला. जिलियन त्याच्या पुढे. तिचा चेहरा असा उजळला होता, जणू तिलाच एक्का लागला होता. टेबलावरचं टिश्यूचं पाकीट तिने जाता जाता उचललं आणि ते ड्वेनच्या हातात कोंबलं.

"ड्वेन, पटकन! जाऊन हे त्याला द्या. फक्त द्या आणि खांद्यावर हात ठेवा. बाप रे, काय दिसेल ते! तुमची गोष्ट पूर्ण होते इथे, कळतंय का तुम्हाला? रडक्याने रडक्याला... चला, चला, तो उठायच्या आत!"

ड्वेनने हातातल्या पाकिटाकडे बघितलं.

सकाळपासून दाबून ठेवलेलं सगळं तेव्हा वर आलं. तो टेटवरचा राग नव्हता. टेटवरही होता, भरपूर होता, पण तो शिळा राग. हा ताजा होता. त्याला एकदम कळलं की नऊ वर्षांपूर्वी तो तिथे रडत होता तेव्हाही या कॅमेऱ्यामागे कुणीतरी असंच हरखून गेलं होतं. असंच, बाप रे, काय दिसतंय, म्हणालं होतं. त्याच्या नाकातलं पाणी बघून कुणाच्या तरी तोंडाला पाणी सुटलं होतं. आणि आज त्याच लोकांनी त्याला वाढपी म्हणून बोलावलं होतं.

तो उठला. नट मुठीत, पाकीट दुसऱ्या हातात. सगळ्यांना वाटलं, हा आता तमाशा करणार. झुंड ओरडली. ड्वेन चालत कठड्यापाशी गेला, टेट आणि कॅमेरा यांच्यामध्ये घुसला, कॅमेऱ्याकडे पाठ केली, आणि पाय फाकवून उभा राहिला.

ड्वेन सहा फुटी, आणि रुंदीलाही देवाने काही कमी केलं नव्हतं. त्याच्या तपकिरी शर्टाने अख्खी चौकट भरली.

"ड्वेन, थोडं डावीकडे," जिलियन म्हणाली.

तो हलला नाही. ओटो डावीकडून आला, तर ड्वेन डावीकडे सरकला. उजवीकडून आला, तर उजवीकडे. टिश्यूचं पाकीट त्याने खिशात घातलं आणि दोन्ही हात कठड्यावर असे टेकले की फोनवाल्यांनाही त्याच्या बगलेखेरीज काही दिसू नये.

खाली बसलेल्या टेटने मान वर केली. डोळे लाल, चेहरा सुजलेला. "बाजूला हो, म्हाताऱ्या. मला तुझी दया नकोय."

"दया कुणाला आलीय? तू मला अजिबात आवडत नाहीस."

"मग इथे काय करतोयस?"

"उभा आहे. तू आपलं नाक पूस."

"कशाने पुसू?"

ड्वेनने क्षणभर विचार केला. खिशात पाकीट होतं. त्याने ते काढलं नाही. "बाहीने पूस. टोपीने पुसू नकोस, टोपीचं वाईट दिसतं."

टेटच्या तोंडून अर्धं हसू आणि अर्धा हुंदका निघाला. मग तो पुन्हा गुडघ्यात डोकं घालून बसला आणि त्याने ड्वेनला एक अस्सल शिवी हासडली. ड्वेनला ती पोहोचली.

टेबलावरून गसचा आवाज आला. "ड्वेन! खुर्चीवर ये. घड्याळ चालू आहे, पुढचा डाव वाटायचाय."

"वाटा."

"अरे, वाटपातलं शेवटचं पान पडताना खुर्चीत नसलास तर तुझी पानं बाद! नियम तुला मी सांगायचा का?"

"मला माहितेय नियम. वाटा म्हटलं ना!"

"ड्वेन, तुझ्यापुढे आता डोंगर आहे चिप्सचा! वेडा झालास का? तो काय तुझा भाऊ लागतो?"

"नाही लागत! म्हणून तर उभा आहे!" ड्वेन मागे न बघता एवढ्या जोरात ओरडला की पुढच्या रांगेतल्या माणसाच्या हातातला फोन खाली आला. "भाऊ असता तर घेऊन गेलो असतो! या कुत्र्यांना आधी बाजूला घे, गस, मग मी येतो!"

कुत्रे बाजूला झाले नाहीत. पानं सपसप वाटली गेली. पाठमोऱ्या ड्वेनला तो आवाज नीट ऐकू आला. आयुष्यात तो आवाज ऐकून हात पुढे केला नाही असं त्याने प्रथमच केलं. वाटणाऱ्या मुलीने त्याच्या जागेवरची दोन पालथी पानं न बघता ओढून घेतली आणि बाद ढिगात घातली. त्या डावात लुसियाँ आणि इंग्रिड दोघं भिडले, लुसियाँच्या अर्ध्या चिप्स इंग्रिडकडे गेल्या, आणि ड्वेनचा सक्तीचा बूट, म्हणजे पानं बघायच्या आधीच भरायच्या चिप्स, त्याही तिकडेच गेल्या.

कठड्यापलीकडे ब्रिन उभी होती. बापलेकींमध्ये हातभर अंतर होतं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"डॅड," ती दात आवळून म्हणाली. "डॅड, तू पुढे होतास. परत जा. प्लीज परत जा."

ड्वेनने तिच्याकडे बघितलं. त्याला सकाळची अंडी आठवली, काटा आठवला, ती तोंड उघडून बसलेली बाई आठवली. आणि तरीही त्याचे पाय हलेनात. हा उपटसुंभ काही त्याला पोरीपेक्षा मोठा नव्हता. त्याला फक्त एवढंच कळत होतं की आपण सरकलो तर या क्षणी जगात आणखी एक टोपी तयार होईल, आणि ती आपल्या हातून होईल.

आणखी एक डाव त्याच्याविना झाला. मग टेट उठला. बाहीने तोंड पुसलं, चष्मा चढवला, आणि ड्वेनच्या आडोशाने भिंतीच्या कडेकडेने दाराबाहेर गेला. आभार वगैरे काही नाही. ड्वेनला ते बरंच वाटलं.

तो खुर्चीकडे वळला तेव्हा गस वाट अडवून उभा होता. त्याच्या मागे जिलियन, कानातल्या यंत्रावर हात दाबून कुणाशी तरी तावातावाने बोलत होती.

"प्रक्षेपणात अडथळा," गस जमिनीकडे बघत म्हणाला. "वरून सांगताहेत की तुला शिक्षा द्यायची. एक फेरी बाहेर. किंवा मग कॅमेऱ्यासमोर दोन शब्द माफीचे बोल आणि लगेच बस."

"माफी कुणाची?"

"बघणाऱ्यांची."

"काय बघणाऱ्यांची? त्यांना कमी दिसलं याची?" ड्वेन हसला, पण ते हसू नव्हतं. "तो सकाळपासून मला कागद मारत होता तेव्हा तुझी शिट्टी कुठे होती, गस? तेव्हा वरून कुणी काही सांगितलं नाही?"

गस वाटेतून हलला नाही. 

ड्वेन फेरीभर बाहेर उभा राहिला, हाताची घडी घालून, आणि आपले बूट एकामागून एक उचलले जाताना बघत राहिला. मग तो बसला आणि खेळला. वाईट नाही खेळला, पण डोकं थंड करायला त्याच्याकडे आता काहीच उरलं नव्हतं. नट फिरवून राग उतरेना. इंग्रिड बाई शहाणी होती, तिने ते ओळखलं. तासाभराने तिने एक लहानशी बोली लावून त्याला डिवचलं. ड्वेनला कळत होतं की हा सापळा आहे, आणि कळूनही त्याने सगळ्या चिप्स ढकलल्या. तो तिसरा आला.

हात मिळवायला उठलेली इंग्रिड हळूच म्हणाली, "मघाशी तुम्ही उठलात तेव्हा मीही उठायला हवं होतं."

"तुम्ही जिंका," ड्वेन म्हणाला. "कुणीतरी जिंका."

हरलेल्याला दारापर्यंत जायला एकच वाट ठेवली होती, आणि त्या वाटेवर जिलियन उभी होती. ओटोचा दिवा लागलेला. आता ड्वेनच्या आडोशाला उभं राहायला कुणी नव्हतं.

"ड्वेन, तुम्ही टेटपाशी उभे होतात तेव्हाचा तो पहिला डाव आठवतो ना," ती म्हणाली. आवाज तसाच, साखरेतला. टॅब्लेट तिने छातीशी उलटा धरला होता. "टेबलाच्या कापडाखालचं यंत्र सगळी पानं वाचतं, तुम्हाला माहीतच आहे. घरी टीव्हीवर बघणाऱ्यांना अर्ध्या तासाने सगळं दिसतं. तर तुमची बाद झालेली पानं सगळ्या जगाने बघितली आहेत. फक्त तुम्ही नाही." तिने टॅब्लेटवर बोट वाजवलं. "बघायची आहेत?"

आणि ओटो एक पाऊल पुढे आला. कॅमेरा टॅब्लेटवर नव्हता.

ड्वेनला समजलं. त्यांना अजून हवं होतं. एक सुटला तर दुसरा. तरुण निसटला तर म्हातारा, आणि म्हाताऱ्याला तर सवय आहे. त्याने खिशातून टिश्यूचं पाकीट काढलं आणि जिलियनच्या माइकवर नीट, टोपीसारखं बसवलं.

"बाई," तो म्हणाला, "तोंड पुसा. लाळ गळतेय."

आणि तो पाठ फिरवून, तिने ठरवलेल्या वाटेने न जाता, टेबलांच्या मधून, सफाईवाल्यांच्या दाराने बाहेर पडला.

वाहनतळावर सूर्य डोंगराला टेकला होता, पण डांबर अजून तव्यासारखं तापलेलं होतं. ब्रिन गाडीला टेकून उभी होती. ड्वेन जवळ आला तरी तिने वर बघितलं नाही. फोनवर बोटं चालली होती.

"एकच गोष्ट मागितली होती मी," ती म्हणाली.

"हो."

"एक! नऊ वर्षांत एक! आणि कुणासाठी? त्या माकडासाठी? उद्या तोच तुझ्यावर विनोद करेल, बघ तू!"

"करेल."

"मग?"

 ड्वेनच्या अंगात अजून आग होती, आणि त्या आगीत पोरीचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे हेही त्याला दिसत होतं. तो गाडीच्या चाकावर लाथ मारणार होता, पण गाडी तिची होती.

ब्रिनने फोन त्याच्यासमोर धरला. तिने त्याचं नाव टाकलं होतं. सगळ्यात वर एक नवीन चित्रफीत होती. ती चालू झाली. तपकिरी शर्ट. नुसता तपकिरी शर्ट. पाठीवर घामाचा भला मोठा डाग, चौकट डावीकडे जाते तर शर्ट डावीकडे जातो, उजवीकडे जाते तर उजवीकडे. कुणाचाच चेहरा नाही. लाखो लोकांनी ती बघितली होती. टोपीवाली फीत तिच्या खाली गेली होती. पुसली नव्हती गेली, पण खाली गेली होती.

"पाठ दिसते नुसती," ड्वेन म्हणाला.

"घाम बघ किती." ब्रिनने नाक ओढलं. ती रडत होती की काय, हे त्याने बघितलं नाही. तिने फोन खिशात घातला, गाडीची किल्ली काढली आणि थांबली. "ती पानं कोणती होती, सांगू? मी बघितली."

"तिनेही विचारलं होतं."

"मी ती नाहीये."

ड्वेनने खांदे उडवले.

ब्रिनने मान वर केली आणि सरळ त्याच्या डोळ्यांत बघितलं. "सत्ती आणि दुर्री," ती म्हणाली. "रंगही वेगळे. अगदी टाकाऊ."

खरं बोलताना ब्रिन इकडेतिकडे बघते, केस मागे सारते, अर्धं वाक्य गिळते. लहानपणापासून. डोळ्याला डोळा लावून, पापणीही न हलवता ती बोलते ते फक्त थाप मारताना. ड्वेनने पंचवीस वर्षं माणसांच्या पापण्या वाचून पोट भरलं होतं. टेबलावर समोर असं कुणी बसलं असतं तर त्याने दुसरा विचार न करता सगळ्या चिप्स मध्ये ढकलल्या असत्या.

तो दार उघडून आत बसला. पट्टा लावला. पितळी नट खिशातून काढून समोरच्या कप्प्यात टाकलं.

"मग फेकलीच असती," तो म्हणाला. "चल, भूक लागलीय."